उमसुनायनं काटा टोकाला नेला

"नाकाला चिमटा लावला की घाबरायचं नाही, ताई," डॉक्टर एसेनबाय म्हणाला, आणि नेमकी तेव्हाच उमसुनाय घाबरली.

गावच्या क्लबात सिनेमाचा पडदा गुंडाळून ठेवला होता आणि त्याच्याखाली डॉक्टरांचं टेबल मांडलं होतं. राजधानीतून, फ्रुन्झेहून, त्यांची हिरवी गाडी येऊन तीन दिवस झाले होते. या डॉक्टरांना आजारी माणसं नको होती, आणि ही गोष्ट गावाच्या गळी उतरायलाच पहिला दिवस गेला. आजवर जो डॉक्टर घाट चढून आला तो रोगी शोधत आला होता. हे मात्र धडधाकट माणसं मागत होते. एवढ्या उंचीवर राहणाऱ्या निरोगी माणसाच्या श्वासाच्या स्नायूंत किती ताकद असते, ते त्यांना मोजायचं होतं. मग काय, यादीत नाव लागणं म्हणजे मोठाच मान झाला. तपासणीत ज्यांना गाळलं, ते मागच्या दारानं घरी गेले.

उमसुनाय शाळेत स्वयंपाकीण होती. वय चव्वेचाळीस, अंगानं भक्कम, दोन्ही हातांत उकळतं पातेलं उचलून अंगण ओलांडणारी. तिचं नाव यादीत पहिल्या फटक्यात लागलं होतं.

"आधी सगळी हवा बाहेर सोडायची," एसेनबाय सांगत होता. "पोट पाठीला लागेपर्यंत. मग ही रबरी नळी तोंडात धरायची आणि जीव खाऊन आत ओढायचं. नळी पुढून बंद आहे. हवा येणार नाही, पण आपण ओढत राहायचं."

"हवा येणार नाही, तर ओढायचं कशाला?"

"तीच तर ताकद, ताई."

उमसुनायनं हवा सोडली, नळी तोंडात धरली आणि ओढलं. खरंच हवा येईना. नाक बंद, तोंड बंद, छातीवर जणू कुणी घोडा बसवलाय. "ओढा, ओढा, ओढा!" एसेनबाय मेंढ्या हाकल्यासारखा ओरडत होता. रांगेतली माणसंही ओरडायला लागली. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि नळीला जोडलेल्या डबीतला काटा सरसर फिरत पार टोकाच्या खिळ्याला जाऊन टक् करून आपटला.

एसेनबायनं डबीवर बोटानं टिचकी मारली. "पुन्हा एकदा."

पुन्हा टक्. तिसऱ्यांदाही टक्.

एसेनबायच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो उठला आणि खिडकीपाशी बसलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाई लिदिया यांच्याकडे गेला. दोघं रशियनमध्ये कुजबुजले. बाईंनी चष्म्यावरून उमसुनायकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं आणि सावकाश मान हलवली. मग एसेनबाय परत आला. त्यानं तिचा कागद बाकीच्यांच्या गठ्ठ्यातून बाहेर काढला, त्यावर लाल पेन्सिलीनं रेघ ओढली आणि तो वेगळा ठेवला.

"झालं काय?" उमसुनायनं विचारलं.

"काही नाही ताई. तुम्ही अगदी ठणठणीत आहात." त्यानं जरा घसा खाकरला. "तुमचे यजमान कुठे असतात? मला त्यांच्याशी बोलायचं होतं."

नाकाचा चिमटा काढायचंही तिला सुचेना.

त्या काळी त्या मुलखात दुखण्याचं खरं नाव कुणी दुखणाईताला सांगत नसे. ते घरच्यांना सांगायचं, तेही बाजूला नेऊन. रोग्याला म्हणायचं, तुम्ही ठणठणीत आहात. शेजारच्या तुरसुनकानच्या सासऱ्यांना जिल्ह्याच्या डॉक्टरांनी हसत हसत सांगितलं होतं की थोडी सर्दी आहे. मुलांना मात्र दाराबाहेर नेऊन काहीतरी वेगळं सांगितलं. म्हातारबुवा त्या सर्दीनं विसाव्या दिवशी गेले. जाईपर्यंत नाकाला रुमाल लावून होते, बिचारे.

"ते वर गेलेत, उन्हाळी कुरणात," उमसुनाय कशीबशी म्हणाली. तिचा नवरा मोमुनकुल सामूहिक शेतीच्या गुरांच्या डॉक्टरचा मदतनीस होता. "परवा येतील."

"मग परवा मी घरीच येतो," एसेनबाय म्हणाला. "आणि ताई, आज जरा विश्रांती घ्या. जड काही उचलू नका."

क्लब ते घर हा रस्ता उमसुनाय रोज सात मिनिटांत चालायची. त्या दिवशी तिला अर्धा तास लागला आणि बातमीला पाच मिनिटं. ती फाटकात पोचली तर सासू, काल्बू आपा, दारात उभी. बावीस वर्षांत सासू तिच्यासाठी दारात आली नव्हती.

"ये गं लेकी, आत ये," आपा म्हणाली. "तिथं नको बसूस, वर बस."

वर, म्हणजे दारासमोरच्या मानाच्या जागी, जिथं पाहुण्यांना बसवतात. उमसुनायनं त्या जागेवर लाखो वेळा झाडू फिरवला होता, पण ती तिथं बसली नव्हती. आपानं स्वतःच्या हातानं चहा ओतला. वाटी अर्धीच भरली, सन्मानाच्या माणसाला भरतात तशी. वर लोण्याचा तुकडाही टाकला.

उमसुनायला दरदरून घाम फुटला. आपानं चहाची वाटी तिच्यावर फेकली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"आपा, मी करते ना."

"बस म्हणते ना! आराम कर. आता सगळं आम्ही करू."

संध्याकाळी तुरसुनकान आली. तिनं ताजी रोटी आणली होती आणि डोळे आधीच लाल करून आणले होते.

"अगं, काही नसतं ते," ती म्हणाली. "माझ्या मामेबहिणीला सुद्धा असंच सांगितलं होतं डॉक्टरांनी."

"मग?"

तुरसुनकाननं रोटीचा तुकडा मोडला. "रोटी खा," ती म्हणाली.

रात्रभर उमसुनाय आपला श्वास ऐकत पडून राहिली. आत, बाहेर. आत, बाहेर. मध्येच तो थांबल्यासारखा वाटे आणि ती दचकून उठून बसे. तिला मरणाची भीती तर वाटतच होती, पण तिच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत होती. मीरगुलचं, तिच्या एकुलत्या एका मुलीचं, शरदात लग्न ठरलं होतं. मुलीबरोबर बारा गाद्या द्यायच्या होत्या आणि शिवून झाल्या होत्या सात. आठव्या गादीचा कापूस पिंजून पडला होता. लग्नापर्यंत तरी राहू दे, ती अंधारात म्हणत होती, तेवढे तीन महिने दे.

सकाळी चहाचं पाणी तापवायच्या समोवारमध्ये निखारे घालून तिनं फुंकर मारली आणि ते असे काही फुलले की ठिणग्या छताला लागल्या. उमसुनाय मटकन खाली बसून रडायला लागली. एवढा श्वास अंगात असताना जायचं!

तिला राहवेना. ती क्लबात गेली. एसेनबाय पिशवीत नळ्या भरत होता.

"डॉक्टर, मला खरं सांगा. माझं मन घट्ट आहे."

"ताई, खरंच घाबरण्यासारखं काही नाही. यजमान आले की सविस्तर सांगतो. त्यांची परवानगी लागेल."

"परवानगी? कशाची?"

एसेनबाय लाजून लाल झाला. "ते त्यांच्यासमोरच बोललेलं बरं. तुम्हाला फ्रुन्झेला न्यावं लागेल बहुतेक. तिथं मोठं यंत्र आहे."

परवानगी, फ्रुन्झे, मोठं यंत्र. म्हणजे कापणार. उमसुनाय घरी आली ती थेट कपाटाशी गेली आणि तिनं शिवणाचा डबा काढला. दुपारपर्यंत आठवी गादी झाली, संध्याकाळपर्यंत नववी. मीरगुल शेजारी बसून दोरा ओवत होती आणि नाक ओढत होती.

"आई, उद्या शिव ना. लग्नाला वेळ आहे अजून."

"तुझ्या लग्नाला आहे," उमसुनाय म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

माणसं यायला लागली होती. कुणी साखर आणली, कुणी वाळवलेले जर्दाळू. शाळेच्या मुख्याध्यापकांनी येऊन सांगितलं की तुमच्या हातच्या सूपसारखं सूप यापुढे होणे नाही. ते हे अशा आवाजात म्हणाले की जणू भिंतीवर तिचा फोटो लागलाय. उमसुनायनंही निरवानिरव सुरू केली. आपलं निळ्या मखमलीचं जाकीट तिनं तुरसुनकानला दिलं.

"मला नको गं, मी कशी घालू," तुरसुनकान रडत रडत म्हणाली, आणि रडत रडतच आरशासमोर उभी राहून तिनं ते घालून पाहिलं. खांद्यांत अगदी बरोबर बसलं.

जाणाऱ्या माणसानं मागं राहणाऱ्यांकडून तीन वेळा माफी वदवून घ्यायची, ही तिथली रीत. एकदा तीनदा माफ केलं की तो शब्द मागं घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी रात्री सगळे पांगल्यावर उमसुनाय सासूसमोर गुडघे टेकून बसली.

"आपा, बावीस वर्षांत माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला."

"घातलं," काल्बू आपा डोळे पुसत म्हणाली. "घातलं गं लेकी."

दोनदा झालं होतं. तिसरं ऐकून उमसुनायनं थांबायला हवं होतं. पण भ्यालेल्या माणसाचं मन हलकं व्हायला बघतं, आणि ते किती हलकं करावं हे त्याला कळत नाही.

"आपा, एक सांगायचं राहिलंय. तुमचा कुमीस."

काल्बू आपाचा कुमीस, म्हणजे घोडीच्या दुधाचं आंबवलेलं पेय, साऱ्या खोऱ्यात नावाजलेला होता. लग्नाकार्यात लोक तिच्याकडून मागून नेत. आपा चामड्याच्या बुधल्यापाशी कुणाला फिरकू देत नसे. गावात दुसरा चांगला कुमीस होता तुरसुनकानचा, आणि त्यावरून आपानं नऊ वर्षं तिच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं.

"काय कुमीसचं?"

"तुमचा नीट आंबत नाही, आपा. नऊ वर्षं झाली, तुमच्या हाताला पहिली चव राहिली नाही. बुधला कडवट पडतो. तुम्ही झोपलात की मी तो निम्मा ओतून देते आणि तुरसुनकानचा आणून भरते. ती कुंपणावरून लोटे देते. कुणाला बोलली नाही कधी."

काल्बू आपाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तिच्या हातातली जपमाळ एका मण्यावर थांबली होती. उमसुनाय वाट बघत होती, तिसरं "घातलं" अजून यायचं होतं. समोर मरणारी सून, आणि पोटात नऊ वर्षांचा कुमीस.

"घातलं," आपा शेवटी दातांतून म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोमुनकुल कुरणातून उतरला. त्यानं घोडा बांधला, खोगीर काढलं, तोंड धुवायला पाणी घेतलं, आणि मान वर केली तर फाटकातून शाबदान आजोबा आत येत होते. त्यांच्या मागे आणखी दोन पांढऱ्या दाढ्या, तिघांच्या डोक्यांवर उंच पांढऱ्या टोप्या. सगळ्यांच्या मागे, पिशवी छातीशी धरून, डॉक्टर एसेनबाय.

मोमुनकुलच्या हातातला लोटा पडला. शाबदान आजोबा तीस वर्षं गावात एकच काम करत आले होते. कुणाच्या घरचं माणूस दूर कुठं वारलं, की ती बातमी घरच्यांना हळूहळू, वळणावळणानं, धक्का न बसेल अशी सांगायची. ते दोन सोबती घेऊन फाटकात दिसले की लोक आधीच रडायला लागत.

उमसुनाय दाराआड उभी होती, हातात सुई, अकराव्या गादीची.

म्हातारे बसले. आजोबांनी दाढीवरून हात फिरवला.

"मोमुनकुल, बाळा, त्या डोंगरावरचा बर्फ बघतोस?"

"बघतो, आजोबा."

"तो कायमचा राहतो का रे?"

मोमुनकुल सरळ माणूस होता. त्यानं डोंगराकडे पाहून विचार केला. "खालचा वितळतो. वरचा राहतो."

आजोबा जरा अडखळले. "बरं. तुझा घोडा लांबून दमून आला की तू काय करतोस?"

"खोगीर उतरवतो. हे काय, आत्ताच उतरवलं."

"तसंच माणसाचंही असतं, बाळा. एक दिवस—"

"आजोबा, मी जरा बोलू का?" एसेनबाय पुढे सरकला.

"थांब. तू शिकलेला आहेस, पण हे काम शिकून येत नाही."

"पण आजोबा—"

"गप रे!" दुसरे म्हातारे म्हणाले. "बातमी अशी तोंडावर फेकतात का?"

मोमुनकुल पांढराफटक पडला होता. "कोण गेलं?"

"अजून कुणी गेलेलं नाही," आजोबा मायेनं म्हणाले.

"अजून?"

आत उमसुनायच्या हातातून सुई गळली. मीरगुलनं हंबरडा फोडला. तो ऐकून कुंपणापलीकडून तुरसुनकाननं फोडला, निळं जाकीट घालूनच. मोमुनकुल जमिनीवर बसून कपाळ बडवायला लागला, आणि त्याला नक्की कशासाठी बडवायचं ते अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

"अहो, ताई ठीक आहेत!" एसेनबाय ओरडला, अगदी क्लबात ओरडत होता तसा. "त्यांना काहीही झालेलं नाही!"

तिन्ही म्हाताऱ्यांनी दुःखानं माना हलवल्या. डॉक्टर असंच म्हणणार.

"तसं नाही हो! आम्ही खालच्या सरोवरापासून इथवर तीनशे चाळीस माणसं मोजली. पैलवान मोजले, मेंढपाळ मोजले, शिंगं फुंकणारे मोजले. ताईंनी जेवढा दाब ओढला तेवढा एकानंही ओढला नाही! आमचा काटाच संपला. मोठ्या यंत्रावर मोजायला त्यांना चार दिवस फ्रुन्झेला न्यायचंय, एवढंच विचारायचं होतं."

"मग आमच्या दारात येऊन तू म्हणालास," शाबदान आजोबा सावकाश म्हणाले, "की मोमुनकुलशी त्याच्या बायकोबद्दल बोलायचंय, अवघड गोष्ट आहे, मला एकट्याला जमणार नाही."

"अवघडच की! मी परका, तरुण पोरगा. लग्न झालेल्या बाईला एकटं शहरात चला, असं तिलाच कसं विचारायचं? माझ्या आईनं मला काही वळण लावलंय."

म्हाताऱ्यांना ते पटलं. मुलाचं वागणं चोख होतं.

उमसुनाय दाराबाहेर आली. "मग मला तरी का नाही सांगितलं?"

"सांगितलं ना ताई! पहिल्याच दिवशी म्हटलं, तुम्ही ठणठणीत आहात!"

"ते तर मरणाऱ्याला सांगतात!"

"मरणाऱ्यालाच सांगतात," शाबदान आजोबांनी दुजोरा दिला.

त्यानंतर जे हसणं आणि रडणं झालं, ते अंगणाच्या भिंतीबाहेर गेलं. मोमुनकुल बायकोकडे असा बघत राहिला की जणू त्याच्या गोठ्यात शर्यतीचा घोडा इतकी वर्षं नांगराला जुंपलेला होता. दुखवट्याला म्हणून दिराकडून आणलेली मेंढी आता कशासाठी कापायची यावर म्हाताऱ्यांनी थोडा विचार केला, आणि ती कापायचीच असं ठरलं. तुरसुनकान कुंपणावरून डोकावून हसली आणि जाकिटाची बटणं लावत घरात गेली. ते जाकीट पुढे कितीतरी वर्षं तिच्याच अंगावर दिसायचं.

या गोंधळात काल्बू आपा काठी टेकत एसेनबायपाशी आली.

"म्हणजे ही मरत नाही?"

"नाही आजी!"

"नक्की?"

"नक्की. तुमच्यापेक्षाही जास्त जगतील."

आपानं त्याला बाही धरून बाजूला घेतलं. "बाळा, पुन्हा एकदा बघ. नीट बघ. थोडंसं तरी काही असेल."

उमसुनायनं ते ऐकलं आणि तिच्या छातीतली एक भीती बाहेर पडता पडता दुसरी आत शिरली. मरण टळलं होतं, पण आता काल्बू आपासोबत जगायचं होतं. आणि तीन वेळा दिलेली माफी सासूला मागं घेता येत नव्हती, हे तर जास्तच वाईट. मागं घेता आली असती तर ती भांडून मोकळी झाली असती.

त्या दिवशी आपा बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. समोवारपासून बुधल्यापर्यंत ती घरभर नुसती फिरत राहिली. बुधल्याचं झाकण उघडी, आत हुंगे, झाकण लावी. उमसुनाय शिवताना तिच्याकडे चोरून बघे आणि टाका चुकवी. नळीतून हवा येत नव्हती तेव्हाही तिला इतकं गुदमरलं नव्हतं.

शनिवारी पहाटे हिरवी गाडी दारात आली. उमसुनाय मागच्या बाकावर लिदिया बाईंशेजारी बसली. मीरगुलनं खाऊची पुरचुंडी दिली, मोमुनकुलनं दार लावलं. गाडी सुरू झाली, तोच काल्बू आपा काठी उगारत अंगणातून आली. एसेनबायनं गाडी थांबवली. उमसुनायनं काच खाली केली आणि मान खाली घातली. आता सगळ्यांसमोर शोभा होणार होती.

आपानं काचेतून डोकं आत घातलं. "चार दिवस म्हणजे चारच."

"हो, आपा."

"पाचव्या दिवशी सामूहिक शेतीच्या सभापतीच्या मुलीचं लग्न आहे. माझ्याकडे दोन बुधले मागितलेत." तिनं आवाज खाली आणला. "त्या तुरसुनकानच्या दारात मी जाणार नाही. मेले तरी जाणार नाही, सांगून ठेवते."

उमसुनायनं हळूच वर पाहिलं. "जावं नाही लागणार, आपा. काल रात्रीच आणून ठेवलाय. चाऱ्याच्या कोठीमागं, ओल्या पोत्याखाली."

काल्बू आपानं आधी लिदिया बाईंकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे, मग कुंपणाकडे. कुणी ऐकत नाही याची खात्री केली.

"नीट झाकलायस ना?" ती म्हणाली.